आधी नळाला पाणी, मग पॉटलक

नोकरीनिमित्त गावात नव्याने राहायला आलेल्या गौरेतर डॉक्टर, इंजिनिअर, प्राध्यापकांचं गावाने मुद्दाम स्वागत करावं का, हा अमेरिकेतल्या उपनगरांचा जुनाच प्रश्न आहे. २०२० मध्ये पोलिसाच्या हातून झालेल्या जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीयाच्या हत्येनंतर तो नव्याने उसळला आणि जानेवारी २०२५ मध्ये केंद्र सरकारने विविधतेचे आपले कार्यक्रम गुंडाळण्याचे आदेश काढल्यावर उलट्या दिशेने उसळला. आता गावाच्या बैठकीत, शाळेच्या पालकसभेत, इतकंच काय इथल्या आपल्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवरही दोन तट पडलेले दिसतात. एक तट म्हणतो, माणसाकडे माणूस म्हणून बघा. रंग पाहून स्वागत करणं हाही भेदभावच. दुसरा तट अंगणात सर्वांचं स्वागत असल्याची पाटी लावतो, सांस्कृतिक संध्याकाळ ठरवतो आणि नव्या शेजाऱ्याला ‘तुमच्याकडचा एखादा पदार्थ’ घेऊन यायला सांगतो. पहिल्यांना वाटतं, मनात रंग नसला की झालं. दुसऱ्यांना वाटतं, मनात प्रेम असलं की झालं. भांडण जोरात चाललंय, पण दोघेही बोलतायत ते स्वतःच्या मनाबद्दल. आलेल्या माणसाला घर कोण विकतो, बँक त्या घराची किंमत किती लावते, नळाची जोडणी कोण देतो आणि दारात पोलीस आल्यावर कुणाचा शब्द खरा धरला जातो, याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. माझ्या मते स्वागत म्हणतात ते याच गोष्टींना. ते गावाने नियम करून, प्रसंगी पदरमोड करून करायचं असतं. ते झालं की पॉटलक, म्हणजे ज्याने त्याने आपापला पदार्थ आणायची पंगत, खुशाल करा, मीही साबुदाणा वडे घेऊन येईन.

हे सगळं एका माणसाच्या गोष्टीत दिसतं. पर्सी ज्युलियन हे नाव आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नाही. गुलामाचा नातू, जन्म १८९९ मध्ये अलाबामात, हार्वर्डमधून मास्टर्स, १९३१ मध्ये व्हिएन्नाची डॉक्टरेट. काचबिंदूवर वापरलं जाणारं फायसोस्टिग्मिन १९३५ मध्ये प्रयोगशाळेत तयार करून त्यांनी रसायनशास्त्रात नाव कमावलं. विस्कॉन्सिनमधल्या ॲपलटन गावातली कागद-रसायनाची संस्था त्यांना घ्यायला तयार होती, पण कृष्णवर्णीयाला त्या गावात रात्रीच्या मुक्कामाची मनाई होती. म्हणजे दिवसा रेणू जोडा आणि सूर्य मावळला की चालते व्हा. ती नोकरी बारगळली. १९३६ मध्ये ग्लिडन कंपनीने त्यांना शिकागोतल्या कामासाठी घेतलं आणि सोयाबीनपासून संप्रेरकं बनवण्याचं त्यांचं काम जगभर गाजलं. १९५० मध्ये शिकागोच्या एका मोठ्या वृत्तपत्राने त्यांना ‘वर्षातील शिकागोकर’ ठरवलं. त्याच वर्षी त्यांनी शहराला लागून असलेल्या ओक पार्कमध्ये घर घेतलं. गावच्या पाणीखात्याच्या अधिकाऱ्याने जोडणी द्यायला नकार दिला. कोर्टात जाण्याची धमकी दिल्यावर नळाला पाणी आलं. कुटुंब राहायला येण्याआधीच, थँक्सगिव्हिंगच्या सुमारास, घर पेटवून देण्याचा प्रयत्न झाला. १९५१ च्या जूनमध्ये घरावर डायनामाइट टाकलं गेलं. शहर सत्कार करत होतं आणि गाव पाणी सोडत नव्हतं, दोन्ही एकाच वर्षात.

मराठी वाचकाला हे वाचून काहीच आठवलं नाही तर नवल. याच्या तेहेतीस वर्षं आधी, १९१७ मध्ये, कोलंबिया विद्यापीठात आणि लंडनमध्ये शिकून आलेले डॉ. आंबेडकर बडोद्याच्या नोकरीवर रुजू व्हायला गेले. सयाजीराव महाराजांनी त्यांना स्टेशनवर घ्यायला जाण्याची आज्ञा दिली होती, असं चरित्रकार सांगतात. प्रत्यक्षात कुणी गेलं नाही. राहायला जागा मिळेना, म्हणून पारशी नाव लावून पारशांच्या विश्रामगृहात राहावं लागलं. कचेरीतले शिपाई फायली लांबून टाकत आणि प्यायचं पाणी मिळण्याची सोय नव्हती. थोड्याच दिवसांत लाठ्या घेतलेला पारशांचा जमाव दारात आला आणि त्यांना जागा सोडावी लागली. मग त्यांनी दोन मित्रांची दारं ठोठावली, एक हिंदू आणि एक ख्रिस्ती. दोघांनीही सभ्य सबबी सांगितल्या. महाराजांच्या मनात काही खोट होती का? मुळीच नाही, शिष्यवृत्ती त्यांनीच दिलेली. मन होतं, हुकूम होता, पैसा होता. पण शिपायाने फाइल कशी द्यावी, पाण्याच्या माठाला कुणी हात लावावा आणि भाड्याची खोली कुणाला द्यावी, इथपर्यंत महाराजांचं मन पोचत नव्हतं, आणि तिथपर्यंत पोचेल असा नियम कुणी केलेला नव्हता. बडोद्यात आणि ओक पार्कमध्ये गोष्ट पाण्यापाशीच अडावी, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही. कुणाला गावात धरायचं आणि कुणाला नाही, हे गावं नेहमी अशाच ठिकाणी ठरवत आली आहेत.

आता विरोधातला सगळ्यात वजनदार मुद्दा. या मंडळींना स्वागताची गरजच काय? सहा आकडी पगार, सामान हलवायचा खर्च कंपनीचा, कज्जा झालाच तर वकील परवडणारा. ज्या इस्पितळात हे सर्जन म्हणून येतात, तिथे रात्री फरशी पुसणाऱ्या बाईसाठी कुठली समिती बसते? हा आक्षेप मी हसण्यावारी नेणार नाही. स्वागत समित्यांचं लक्ष बऱ्याचदा अशाच लोकांवर असतं ज्यांच्याबरोबर जेवायला आपल्याला आवडेल, हे खरंच आहे. पण याच कारणाने ज्युलियन यांचं उदाहरण मोलाचं. गरिबाला घर नाकारताना शंभर सबबी हाताशी असतात: भाडं थकवेल, माणसं जास्त आहेत, पोरं दंगा करतील. जगभर नाव झालेल्या शास्त्रज्ञाला स्वतः विकत घेतलेल्या घरात पाणी नाकारलं जातं तेव्हा सगळ्या सबबी गळून पडतात आणि खाली फक्त कातडी उरते. शिवाय, समतेच्या बाजूने घेतलेला हा आक्षेप लागू पडतो तो पॉटलकला. पॉटलकला बोलावणं जातं ते प्राध्यापकबाईंना. घर विकताना-भाड्याने देताना वर्ण बघायचा नाही, हा नियम प्राध्यापकबाईंच्या कामी येतो तसाच फरशी पुसणारीच्याही. किंबहुना तिच्या जास्त, कारण तिच्याकडे वकील नाही.

दुसरा आक्षेप रंगाकडे काणाडोळा करणाऱ्यांचा, आणि त्यातला अर्धा भाग मला मनापासून पटतो. खास स्वागत झालेल्या माणसाचं थोड्याच दिवसांत प्रदर्शनातलं चित्र होतं. कंपनीच्या पत्रकावर त्याचा फोटो, प्रत्येक समितीत त्याला एक खुर्ची, आणि त्याच्या वंशातल्या साऱ्या माणसांनी केलेल्या साऱ्या गोष्टींचा खुलासा त्याच्याकडे. गोऱ्या सहकाऱ्याने त्या वेळात शोधनिबंध लिहिलेला असतो. आलेल्या कित्येकांची इच्छा एवढीच असते की बाबांनो, मला कचरा कुठल्या दिवशी नेतात तेवढं सांगा आणि माझं मला राहू द्या. मान्य. पण रंग बघायचा नाही असं तुम्ही ठरवलंत म्हणून घराची किंमत लावणारा तो बघायचा थांबतो का? बॉल्टिमोरमध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले इतिहासाचे एक कृष्णवर्णीय प्राध्यापक, घरं आणि वर्णभेद हाच त्यांच्या अभ्यासाचा विषय, २०२१ मध्ये कर्जासाठी घराचं मूल्यांकन करून घेतात. किंमत येते ४,७२,००० डॉलर. काही महिन्यांनी पती-पत्नी घरातले आपले फोटो काढून ठेवतात, एका गोऱ्या सहकाऱ्याला दार उघडायला उभं करतात आणि दुसरं मूल्यांकन करवून घेतात. आता तेच घर ७,५०,००० डॉलरचं होतं. प्रकरण कोर्टात गेलं. पहिल्या मूल्यांकनकाराने आरोप फेटाळले, कर्ज देणाऱ्या कंपनीने पुढे तडजोड केली. या फरकात कुणाचा द्वेष किती, हे शोधत बसण्यात मला रस नाही. १९३० च्या दशकात सरकारी संस्थेनेच शहरांचे नकाशे काढून कृष्णवर्णीय वस्त्या लाल रंगाने ‘धोक्याच्या’ ठरवल्या, त्या हिशेबाने कर्जं नाकारली गेली, आणि त्या किमती वारशाने पुढे आल्या. लाल शाईने काढलेली रेघ डोळे मिटून कशी पुसणार?

आणि प्रेमाच्या तटाचं काय? जुलै २००९ मध्ये हार्वर्डचे नामवंत प्राध्यापक हेन्री लुईस गेट्स प्रवासातून घरी परतले, तर दार अडकलेलं. ते उघडण्याची खटपट पाहून कुणीतरी पोलिसांना कळवलं आणि केंब्रिजमधल्या त्यांच्या स्वतःच्याच घरी त्यांना बेड्या पडल्या. आरोप नंतर मागे घेतले गेले. महिना संपायच्या आत राष्ट्राध्यक्ष ओबामांनी प्राध्यापक आणि तो पोलीस अधिकारी, दोघांना व्हाइट हाउसच्या बागेत बिअर प्यायला बोलावलं. चौघे बसले (उपाध्यक्ष बायडनही होते), फोटो निघाले, सभ्य गप्पा झाल्या. त्या संध्याकाळी काही वाईट घडलं असं मी म्हणणार नाही. पण ज्याची राष्ट्राध्यक्षांशी ओळख नाही असा एखादा कृष्णवर्णीय भूलतज्ज्ञ उद्या आपल्याच गॅरेजचं कुलूप चाचपत उभा असेल, तर त्याच्यासाठी त्या बिअरने काय बदललं? ओळखपत्र दाखवल्यावर पुढे काय व्हावं, तक्रार कुणाकडे जावी, तिचा निकाल कुणी द्यावा, हे कंटाळवाणे प्रश्न आहेत. त्यांचे फोटो चांगले येत नाहीत.

पैसे देऊन माणसं बोलावणाऱ्या गावांकडे पाहिलं की हा फरक फारच ठसठशीत दिसतो. व्हरमाँट हे अमेरिकेतल्या सर्वांत गोऱ्या राज्यांपैकी एक. तिथे तरुण टिकत नाहीत, म्हणून २०१८ मध्ये कायदा करून, बाहेरच्या कंपनीचं काम घरून करत व्हरमाँटमध्ये राहायला येणाऱ्याला दहा हजार डॉलरपर्यंत मदत जाहीर झाली. त्याच वर्षी त्याच राज्यातल्या बेनिंग्टनच्या आमदार काया मॉरिस यांनी राजीनामा दिला. शिकागोत जन्मलेली ही कृष्णवर्णीय बाई व्हरमाँटमध्ये येऊन स्थायिक झाली, लोकांनी तिला निवडून दिलं, आणि एका वर्णवर्चस्ववाद्याच्या छळाला कंटाळून तिला पद सोडावं लागलं. पोलिसांनी गांभीर्याने घेतलं नाही, सरकारी वकिलाने खटला भरला नाही. २०२१ मध्ये गावाने माफी मागून भरपाई दिली, तोवर ती जागा कधीच रिकामी झालेली. एका हाताने दहा हजार डॉलर देऊन पाहुणे बोलवायचे आणि आलेली माणसं दुसऱ्या दाराने निघून जाताना बघत बसायचं, याला धोरण म्हणावं का?

ओक्लाहोमातल्या टल्सा शहरातही एका धर्मादाय संस्थेच्या पैशातून अशीच दहा हजारांची योजना २०१८ पासून चालते आणि ती व्हरमाँटहून शहाणी आहे. कामाला बसायला टेबल मिळतं, माणसांशी गाठी घालून दिल्या जातात. पण टल्साला विसरून चालणार नाही की इथल्या ग्रीनवूड भागात एकेकाळी कृष्णवर्णीय डॉक्टर, वकील, व्यापारी सुखात राहत होते आणि १९२१ मध्ये गोऱ्या जमावाने तो भाग जाळला. देशभर नावाजलेले शल्यविशारद डॉ. ए. सी. जॅक्सन हात वर करून बाहेर आले असताना त्यांना गोळी घातली गेली. त्याच वर्षी टल्सात नव्याने वकिली थाटायला आलेले बी. सी. फ्रँकलिन यांनी जळल्या भागात तंबू ठोकून कचेरी चालवली. कशासाठी? तर शहराने लगेच बांधकामाचे असे नियम केले होते की जळलेल्यांना तिथे पुन्हा घर बांधणं परवडूच नये. फ्रँकलिन यांनी तो नियम न्यायालयात हाणून पाडला. आग जमावाची होती. बेघर ठेवण्याचं काम नगरपालिकेच्या ठरावाकडे होतं. म्हणून मी नियमांबद्दल एवढा हट्ट धरतो.

नियमाने मनं बदलत नाहीत, असं लगेच कुणी म्हणेल. पुन्हा ओक पार्ककडे येऊ, कारण तिथे पुढे जे घडलं ते ज्युलियन यांच्या छळाइतकं सांगितलं जात नाही. साठच्या दशकात शेजारच्या, शिकागो शहरातल्या ऑस्टिन भागात दलालांनी घबराट पसरवली की कृष्णवर्णीय येतायत, किमती पडणार, आत्ताच विका. गोरी कुटुंबं स्वस्तात विकून पळाली, कृष्णवर्णीय कुटुंबांनी तीच घरं महागात घेतली, मलई दलालांनी खाल्ली. आता पाळी ओक पार्कची होती. गावाने १९६८ मध्ये घरांच्या व्यवहारात वर्णभेद करायला बंदी घातली. घरासमोरच्या ‘विकणे आहे’ पाट्यांना मज्जाव केला, म्हणजे एका गल्लीत चार पाट्या दिसून धास्ती पसरायला नको. १९७२ मध्ये रॉबर्टा रेमंड या बाईंनी एक गृहकेंद्र उभं केलं, जिथे भाडेकरूंना गावातल्या सगळ्याच भागांतली घरं दाखवली जात, जेणेकरून एक गल्ली पूर्ण काळी आणि दुसरी पूर्ण गोरी होऊ नये. नवं गावसभागृह बांधायची वेळ आली तेव्हा ते मुद्दाम ऑस्टिनच्या बाजूला, पूर्वेकडे बांधलं. आम्ही इथून हलणार नाही, हे विटा-चुन्यात सांगितलं. आणि सत्तरच्या दशकाच्या अखेरीस गावाने घरमालकांना एक हमी दिली: तुमच्या घराची किंमत पडली तर नुकसानीचा मोठा वाटा गाव सोसेल. गंमत म्हणजे भरपाई द्यायची वेळच आली नाही, कारण किमती पडल्या नाहीत. भीतीचाच विमा उतरवल्यावर भीतीला धंदा उरला नाही. आज ओक पार्कमध्ये जवळपास पाचांतला एक माणूस कृष्णवर्णीय आहे आणि गावातल्या एका शाळेला पर्सी ज्युलियन यांचं नाव आहे. मनं बदलली का, ते मला सांगता येणार नाही. माणसं राहिली, मुलं एका वर्गात बसली, एवढं झालं.

ओक पार्कचा मी भक्त नाही. कृष्णवर्णीय भाडेकरूला एका गल्लीतून दुसरीकडे वळवणं हीही एक प्रकारची मोजणीच होती, आणि ‘प्रमाण बिघडू नये’ या काळजीत ‘गोरे पळू नयेत’ ही काळजी मोठी होती, अशी टीका झाली. ती रास्त आहे. तिथल्या हायस्कुलात गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांच्या निकालातली दरी अजून बुजलेली नाही. घरं इतकी महागली की ज्युलियन यांच्या पिढीतल्या रेल्वे हमालाची नात तिथे घर घेऊ शकेल का, शंकाच आहे. तरीही शेजारच्या ऑस्टिनशी तुलना करा. दोन्हीकडची माणसं मनाने सारखीच भित्री आणि सारखीच भली असणार. मग दोन्हीकडे वेगळं का घडलं?

एक आक्षेप चटकन उरकतो: ‘हे लोक आपापल्यातच राहतात.’ राहतात की. आपलं गणपती बसवणं, शाळेचं सभागृह भाड्याने घेऊन नाटक करणं, दर दोन वर्षांनी बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनाला कुटुंबकबिल्यासह जाणं, हे दुसरं काय आहे? मिलवॉकीतल्या जर्मनांनी एकेकाळी शाळा, वर्तमानपत्रं, नाटकं सगळं जर्मनमध्ये चालवलं. त्यांना कुणी आज उपरं म्हणत नाही. ज्याला आपली माणसं आहेत तोच निर्धास्तपणे दुसऱ्याच्या अंगणात जातो.

आपला विषय निघालाच आहे तर थोडं कडू बोलतो. वैष्णो दास बगाई हे सधन, शिकलेले गृहस्थ १९१५ मध्ये पत्नी कला आणि मुलांसह कॅलिफोर्नियात आले. बर्कलीत घर घेतलं, सामान घेऊन पोचले, तर शेजाऱ्यांनी घराला कुलूप ठोकलेलं. १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भारतीय ‘गोरे’ नाहीत असा निकाल दिला, बगाईंचं नागरिकत्व गेलं, आणि १९२८ मध्ये त्यांनी आयुष्य संपवलं. साधारण शंभर वर्षांनी बर्कलीने एका रस्त्याला कला बगाईंचं नाव दिलं. आपण मराठी माणसं इथे आलो ती १९६५ च्या स्थलांतर कायद्यामुळे, आणि उपनगरात घर घेऊ शकलो ते १९६८ च्या गृहसमता कायद्यामुळे. दुसरा कायदा तर मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाल्यावर आठवड्याच्या आत सहीला गेला. दुसऱ्यांनी रस्त्यावर मार खाऊन उघडलेल्या दारातून आपण सुटाबुटात आत आलो.

मग आज आपण दाराच्या आत उभं राहून काय करतो? घर बघताना ‘शाळेचं रेटिंग’ विचारतो, आणि त्या आकड्यात कुणाची मुलं किती हे दडलेलं असतं, हे आपल्याला चांगलं कळतं. एखाद्या भागाबद्दल ‘तिकडे जरा मिक्स वस्ती आहे’ असं जेवणाच्या टेबलावर आवाज खाली घेऊन सांगतो. गावात भाड्याच्या घरांची इमारत होणार म्हटल्यावर सुनावणीत वाहतूक आणि पार्किंगची काळजी करणाऱ्यांत आपली आडनावंही असतात. पुण्या-मुंबईतल्या सोसायट्यांत आडनाव विचारून फ्लॅट नाकारणाऱ्यांना आपण इथून लंबेचौडे संदेश पाठवतो, ती गोष्ट वेगळी.

मराठी मंडळांच्या यादीत घरांचे दलाल आहेत, कर्जाचं काम करणारे आहेत, वकील आहेत, शाळा मंडळावर निवडून आलेले आहेत. गावात नव्याने आलेल्या कुणालाही, मग तो नायजेरियाचा हृदयरोगतज्ज्ञ असो, अटलांटाहून आलेली परिचारिका असो की नागपूरचा इंजिनिअर, मूल्यांकन कमी आलं तर दुसरं कसं मागायचं, घरमालकाने टाळलं तर तक्रार कुठे नोंदवायची, पोलिसांच्या तक्रार समितीची बैठक कधी असते, हे सांगायला आणि सोबत जायला पाच माणसं सहज मिळतील. गणपतीच्या आधी होणाऱ्या सर्वसाधारण सभेत ढोल-ताशाच्या अंदाजपत्रकावर तासभर भांडण होतंच. त्याच्या आधी हा विषय दहा मिनिटं घ्या, कारण नंतर लोक जेवायला उठतात.